टेक्सासमधलं एक काळं पिंप

मैत्रिणींनो, लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईने नायगाऱ्याविषयी लिहावं, अशी तुमची अपेक्षा असणार. नायगारा मी पाहिला नाही. मी पाहिलं ते एक लोखंडी पिंप! पण त्या पिंपापायी टेक्सासची जेवढी ओळख झाली तेवढी कुठल्या सहलीत झाली नसती. म्हणून त्याचीच हकिकत सांगते.

लेक-जावई राहतात ऑस्टिन शहराच्या उत्तरेला, राउंड रॉक या गावी. मी पोचले तेव्हा मे महिना होता. रस्ते हे एवढे रुंद, पण पायी चालणारं माणूस दिसेल तर शपथ! दोघंही सकाळी कामावर जात. पहिल्या पंधरा दिवसांत मी घरातले सगळे डबे घासून पालथे घातले, आणि मग खिडकीशी बसून राहिले. जावईबापू स्वभावाने सोन्यासारखे, पण अबोल. "आई, जेवलात?" आणि "आई, गोळी घेतलीत?" या दोन वाक्यांपुढे आमचं बोलणं सरकत नसे.

शनिवारी सकाळी मात्र सगळ्या आळीत लाकडाच्या धुराचा वास दरवळायचा. घरोघरचे पुरुष परसात उभे राहून मांस धुरावर शिजवीत असत. चुलीशी उभं राहणं तिथल्या पुरुषांना मोठ्या मानाचं वाटतं, बरं का! फक्त ती चूल अंगणात हवी. स्वयंपाकघरातल्या चुलीचा मान बहुतेक अजून ठरायचाच आहे.

शेजारी एक कृष्णवर्णीय वृद्ध जोडपं राहत होतं. गृहस्थ तेलाच्या विहिरींवर वेल्डर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मला "मॅम" म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना दादा म्हणू लागले. दरसाल १९ जूनला ते पन्नासेक माणसांना जेवू घालीत. या तारखेची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. पण टेक्सासमधल्या गुलामांपर्यंत ती मुक्ती पोचायला १९ जून १८६५ उजाडला. त्या दिवशी गॅल्वेस्टन बंदरात उतरलेल्या सेनापतीने हुकूम काढला आणि लोकांना कळलं की आपण मोकळे आहोत. अडीच वर्षं उशिरा! टेक्सासमध्ये या दिवसाची सुट्टी १९८० पासून आहे, सबंध देशाला ती २०२१ साली मिळाली. त्या दिवशी एकत्र जमायचं, लाल रंगाचं सरबत प्यायचं आणि धुरावरचं जेवायचं, ही रीत.

यंदा दादांची पंचाईत झाली होती. त्यांच्या जुन्या धुराच्या पिंपाचा तळ गंजून गळून पडला होता. नवं करावं तर गेल्या वर्षीच्या आजारपणापासून हात थरथरत होते. ज्या हातांनी आयुष्यभर लोखंड जोडलं, त्या हातांत आता चहाचा कप हिंदकळायचा. बाई म्हणाल्या, "यंदा बाहेरून मागवू." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. तो चेहरा जावईबापूंनी कुंपणापलीकडून पाहिला आणि आपण होऊन म्हणाले, "तुम्ही सांगा, हात माझे."

दादा म्हणाले, "आधी लॉकहार्टला जाऊन बघून या, मग माझं म्हणणं समजेल."

लॉकहार्ट हे ऑस्टिनच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवरचं लहानसं गाव. मध्यभागी १८९४ सालचं देखणं दगडी कोर्ट आणि भोवती जुनी दुकानं. १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने याच गावाला राज्याच्या बार्बेक्यूची राजधानी ठरवलं. या भागात जर्मन आणि चेक लोक येऊन वसले, त्यांनी खाटिकखाने काढले आणि उरलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर धरू लागले. कापूस वेचायला येणारे मजूर तेच कागदावर घेऊन तिथेच खात. क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ चं. क्रॉइट्झच्या घरात तर आपल्याकडच्यासारखीच भावंडांची वाटणी झाली. इमारत बहिणीकडे आली, धंदा भावाकडे. १९९९ साली भावाने नवी जागा घेतली, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे पत्र्याच्या टबात घालून रस्त्याने ओढत नेले आणि त्यांवर नवी भट्टी पेटवली. बहिणीने जुन्या इमारतीत स्मिटीज मार्केट चालू केलं.

त्या जुन्या इमारतीत आम्ही गेलो. भिंती काजळीने काळ्याभोर. विटांची लांबलचक भट्टी, तिच्या एका तोंडाशी जमिनीवरच ओकची लाकडं जळताहेत, मांस मात्र जाळापासून दूर, झाकणाखाली. धूर आणि ऊब त्यावरून सरकत दुसऱ्या टोकाच्या धुराड्याकडे जाते. जाळ मांसाला शिवत नाही. गावात मुख्य मान गोमांसाचा, त्यामुळे आम्ही दुसऱ्या दुकानात टर्कीवर भागवलं. मऊ इतकी की कवळी नसती तरी चाललं असतं!

आता पिंपाकडे वळते, कारण खरी गंमत आणि खरा धोकाही तिथेच आहे.

धुराच्या चुलीला ५५ गॅलनचं पिंप लागतं. म्हणजे सुमारे २०८ लिटरचं, कमरेला लागेल एवढं. जावईबापू भंगाराच्या आवारातून एक निळं पिंप स्वस्तात घेऊन आले. दादांनी झाकण उघडून नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "आत काय होतं?" चिठ्ठी अर्धी फाटलेली, त्यावर कसल्याशा फवारणीच्या औषधाचं नाव. पिंप आल्या पावली परत गेलं. दोन दिवसांनी एक चकचकीत जस्ती पिंप आलं. मला ते फार आवडलं. आपल्या जस्ताच्या बादलीसारखं, गंजणार नाही असं. दादांनी मान हलवली. जस्ताचा मुलामा निखाऱ्यांनी फार तापला की त्याचा विषारी धूर होतो. जस्ती पत्र्यावर काम करताना त्या धुराने वेल्डर लोकांना थंडीताप भरतो. त्यांनी स्वतः तो भोगला होता.

जाळीसाठी कुणाच्या तरी जुन्या फ्रिजमधले कप्पे आणले, तर त्यांवरही फुली! जुन्या फ्रिजच्या जाळ्यांना कॅडमियमचा मुलामा असू शकतो, तापल्यावर तो अन्नात उतरतो. फ्रिजचा विषय निघाला तशा दादांच्या बाई पुढे झाल्या. त्यांच्या लहानपणी लोक बंद पडलेल्या फ्रिजचीच धुराची कपाटं करीत. पण परसात टाकलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं अडकत आणि गुदमरून जात, कारण दाराची कडी फक्त बाहेरून उघडायची. १९५६ साली कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकलूनही उघडलं पाहिजे. तुमच्या-माझ्या फ्रिजला कडीऐवजी लोहचुंबकाची पट्टी आहे ना, त्यामागे अशीही गोष्ट आहे. त्या दिवसापासून फ्रिजचं दार लावताना मला ती आठवते.

तिसरं पिंप मधाचं मिळालं. त्यालाही आतून लाखेसारखा लेप असतोच, तो जाळून काढावा लागतो. दादांच्या भाच्याचं शेत गावाबाहेर होतं. उन्हाळ्यात रान कोरडं पडलं की तिथे उघड्यावर जाळ करायला कौंटीची बंदी येते, त्या आठवड्यात सुदैवाने नव्हती. पिंपात लाकडं रचून दोन-तीन तास मोठा जाळ केला. बाहेरचा रंग पापड सोलल्यासारखा सुटला. थंड झाल्यावर वायरच्या ब्रशने घासायचं काम मी मागून घेतलं. भांडी घासण्यात माझा हात कोण धरणार?

मग भोकं पाडायची. तळापासून दोन-अडीच इंचांवर चार भोकं, त्यांत नळाचे तुकडे. तिघांना टोपणं आणि एकाला चावी. ही चावी म्हणजे सगळ्या चुलीची लगाम. वर झाकणाला धूर जायला आठ लहान भोकं. तोंडाखाली सात-आठ इंचांवर चार बोल्ट, त्यांवर कुणीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेल्या गोल शेगडीची बावीस इंची जाळी चपखल बसली. खाली निखाऱ्यांसाठी जाड जाळीच्या पत्र्याची टोपली, तीन इंच पायांवर उभी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा कोंडत नाही. नट, बोल्ट, सगळं साध्या लोखंडाचं, मुलामा नसलेलं. वेल्डिंग कुठेच नाही. दादा खुर्चीवर बसून बोटाने जागा दाखवीत आणि जावईबापू भोक पाडीत.

ती टोपली पाहून मला माझ्या माहेरची भुशाची शेगडी आठवली. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. तेलाचा रिकामा डबा, खाली एक भोक, मध्ये बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. बाटली अलगद काढली की मधोमध बोगदा. खालून कागद पेटवला की तासन्‌तास मंद जळत राहायची. मी हे सांगू लागले आणि जावईबापू ड्रिल बंद करून म्हणाले, "आमच्या आईची पण होती. इचलकरंजीला. वखारीतून भुसा आणायचं काम माझं. पोतं डोक्यावर, आणि घरी पोचेपर्यंत शर्टात सगळी कूस." लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आईविषयी ते माझ्याशी असं पहिल्यांदाच बोलले. त्या माउलीने भुसा कोरडा राहावा म्हणून पावसाळ्यात पोतं कॉटखाली कसं ठेवलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. दादांना सगळं इंग्रजीत समजावलं तर ते म्हणाले, "मग तुम्हाला मी काय शिकवणार?"

पण शिकवायचं बाकी होतं! पहिल्या चाचणीला मी माती खाल्लीच. टोपलीत न पेटलेला कोळसा भरून वर थोडेच पेटते निखारे ठेवायचे, म्हणजे आग हळूहळू खाली उतरते. अधूनमधून ओकचे आणि पेकानचे दोन-तीन ठोकळे. पांढरा दाट धूर येतो तोवर काहीच ठेवायचं नाही, त्याने अन्न कडू होतं. धूर निळसर आणि पातळ झाला की मगच. पिंपात ११० ते १३५ अंश सेल्सिअस उष्णता राखायची. हे सगळं झालं. पण शिजतंय की नाही हे पाहायला मी दर दहा मिनिटांनी झाकण उचलीत होते. झाकण उघडलं की हवा आत घुसते आणि निखारे फुलतात. तासाभरात भडका! कोंबडी वरून कोळसा आणि हाडाशी लाल. दादा हसून म्हणाले, "बघत राहिलात तर ते शिजत नाही, मॅम." अहो, मोदकांचं पातेलं सारखं उघडू नकोस, हे मी लेकीला किती वेळा सांगितलंय!

१९ जूनला पहाटे पाचला पिंप पेटलं. गोमांसाचा मोठा तुकडा भाच्याने आपल्या शेतावर आदल्या रात्रीपासून धुरावर ठेवला होता, त्याला दहा-बारा तास लागतात. आमच्या पिंपात कोंबड्या. मांसात टोचायचा तापमापक ७४ अंश दाखवीपर्यंत एकही उतरवायची नाही, रंगावर भुलायचं नाही. कडेला जागा उरली तिथे मी चार वांगी, कांदे आणि सालासकट मक्याची कणसं सरकवली. त्या वांग्यांचं भरीत केलं, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून. लोकांनी ते पावाला लावून संपवलं आणि दादांच्या बाईंनी कृती लिहून घेतली.

पिंप उघड्या परसातच होतं, हे मुद्दाम सांगते. पावसाच्या दोन सरी आल्या तेव्हा कुणी म्हणालं, गॅरेजमध्ये घेऊ. दादांनी ठाम नाही म्हटलं. कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातं. आपल्याकडे थंडीत दारं लावून खोलीत शेगडी ठेवतात, त्यातली ही गोष्ट. छत्री धरून आम्ही आळीपाळीने उभे राहिलो.

दुपारी चावी थोडी कमी करायची होती. जावईबापूंनी हात पुढे केला, पण दादा खुर्चीतून उठले. हात थरथरत होता. त्यांनी चावी धरली, आणि गंमत अशी की ती धरल्यावर हात बराच स्थिरावला. पाव फेरा दिला, झाकणाच्या भोकांवरचा धूर पाहिला आणि ते परत बसले.

मिरजेला परतल्यावर मी भंगारवाल्याकडे गेले. जाड लोखंडी पिंप होतं, किंमतही बरी होती. विचारलं, "यात आधी काय होतं?" तो म्हणाला, "काय की, काकू. धुऊन देतो ना!"

पिंप मी घेतलं नाही. दुसरीकडे चौकशी चालू आहे.