आजीचा पाय आणि बारवेचे पाणी

बुलढाण्याची थंडी साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले हे गाव. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे माणसे नुसत्या सदऱ्यावर फिरत असतात, तेव्हा इथे शेकोट्या पेटलेल्या असतात. अशाच एका पौषातल्या सकाळी माझी आजी चुलीपुढे पाय शेकत बसली होती. तिच्या डाव्या घोट्यावर रुपयाएवढा एक व्रण आहे. लहानपणापासून मी तो पाहत आले. "नारूचा आहे" एवढेच ती सांगे आणि लुगड्याचा काठ खाली ओढून घेई.

त्या दिवशी तिने काठ ओढला नाही. चारच दिवसांपूर्वी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामाआजोबा, वारले होते. ते आयुष्यभर एक पाय ओढत चालले. त्यांनाही नारूच झाला होता. बाहेर येत असलेला नारू ओढताना तुटला, पाय पिकला आणि गुडघा कायमचा आखडला. आजी विस्तवाकडे पाहत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू एवढी शिकतं. एक सांग मले. माह्या भावाले मीनंच देल्ला का वं नारू?"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. नारू हा रोग गढूळ पाण्यातून होतो, पाणी गाळून प्यावे, एवढेच मला ठाऊक होते. मी आजीला विचारले, "तुला असं का वाटतं?" तेव्हा तिने जे सांगितले, ते तिने साठ वर्षे कोणालाही सांगितले नव्हते.

तिचे माहेर मेहकर तालुक्यातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले. गावात एकच बारव. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, मग बायका-मुले पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभी राहून घागरी भरत. आजी बारा वर्षांची असताना ऐन वैशाखात तिच्या घोट्यावर फोड आला. तो फुटला आणि आतून पांढरा दोरा डोकावू लागला. "पाय निरा विस्तवात धरल्यावानी जये," ती म्हणाली. "बारवंत पाय सोडून बसलं का जीव थंडा होये. मी रोज जाऊन बसो." पुढल्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या भावाच्या पायाला तसाच फोड आला. पुढे कधी तरी गावात आलेल्या आरोग्यसेवकाने सगळ्यांना बसवून सांगितले, की नारूचा पाय पाण्यात घालू नका, त्यानेच रोग पसरतो. आजीने ते ऐकले, आणि त्या दिवसापासून तो व्रण ती झाकू लागली.

तिला उत्तर देणे मला भाग होते. खोटे सांगून समाधान करणे सोपे होते. पण जिने साठ वर्षे हा प्रश्न मनात बाळगला, तिला खोटे सांगणे बरे नव्हे असे वाटले. म्हणून मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. कला शाखेची मुलगी अळ्यांविषयी काय विचारते, म्हणून ते आधी हसले. मग मात्र दोन तास बोलत राहिले.

नारूची मादी हातभर, कधी त्याहूनही लांब असते. ती माणसाच्या अंगात सुमारे वर्षभर राहते आणि शेवटी बहुधा पायाशी येऊन कातडीला फोड आणते. फोडाची आग असह्य होते, माणूस पाय पाण्यात घालतो, आणि त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. या अळ्या नुसत्या पाण्यात जेमतेम काही दिवस जगतात. तेवढ्यात त्यांना सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या जलजीवाने गिळले पाहिजे. त्याच्या पोटात सुमारे दोन आठवड्यांत अळीची वाढ पुरी होते. मग ते पाणी जो कोणी न गाळता पिईल, त्याच्या पोटात सायक्लॉप्स मरतो आणि अळी सुटी होते. वर्षभराने पुन्हा फोड!

"पण या साऱ्याची किल्ली उष्णतेत आहे," सर म्हणाले. पाणी पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस असेल तर अळी जोमाने वाढते. एकोणीस अंशांच्या खाली तिची वाढ थांबते. ती सायक्लॉप्सच्या पोटात असली तरी माणसाला बाधण्याइतकी मोठी होत नाही. म्हणूनच थंड देशांच्या नद्या-तळ्यांत नारू कधी रुजला नाही.

मी लगेच विचारले, "मग आपल्या बुलढाण्याच्या थंडीने आपल्याला का वाचवले नाही?"

सरांनी मला बुखाऱ्याची गोष्ट सांगितली. मध्य आशियातल्या त्या शहरात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तरी तिथे नारूने शतकानुशतके ठाण मांडले होते. शहराचे पाणी उघड्या हौदांतून येई. लोक पायऱ्या उतरून त्यात जात, अगदी आपल्या बारवेसारखे. याच मध्य आशियात फेदचेन्को या रशियन संशोधकाने १८७० च्या सुमारास प्रथम दाखवले, की नारूची अळी सायक्लॉप्सच्या अंगात शिरते. पुढे इसायेव यांच्या मोहिमेत ते हौद बुजवले, उपसले गेले आणि १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बुखाऱ्यातून नारू गेला. पण इतक्या थंडीत तो टिकला कसा? कारण हिवाळ्यात तो पाण्यात नसतोच. तो असतो माणसाच्या अंगात, सदतीस अंशांच्या उबेत! बाहेर पाणी गोठो की वारा झोंबो, त्याला काय त्याचे? वर्ष भरले की उन्हाळा आलेला असतो, पाणी कोमट झालेले असते, आणि मग तो बाहेर पडतो.

आमच्याकडची थंडी तर चार दिवसांची. रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरला, तरी पाणी हवेइतक्या लवकर गार होत नाही. ही थंडी अळीचे काय वाकडे करणार? थंडीने नारू गेला नाही. तो गेला माणसांच्या कष्टांनी. त्यावर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. १९८३-८४ साली देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र हे सात बाधित राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरींवर कठडे बांधून त्यांत उतरणे बंद करणे, हातपंप बसवणे, विहिरीत औषध टाकून सायक्लॉप्स मारणे आणि घरोघरी पाणी गाळायला फडके देणे, एवढीच काय ती शस्त्रे. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. जगात १९८६ साली पस्तीस लाखांच्या आसपास रोगी होते. २०२४ साली फक्त १५ नोंदले गेले.

हे सगळे घेऊन मी घरी आले. आजी तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिला खरे तेच सांगितले. म्हटले, "आजी, तुझ्या पायातून अळ्या पाण्यात गेल्या असतील, हे खरं. पण तुला झाला तो कोणाच्या पायातून आला होता? त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी तुझ्यासारखंच आगीनं कासावीस होऊन तिथं बसलं असेल. तुझ्या उन्हाळ्यातही तू एकटी नव्हतीस ना?"

"नाई," ती म्हणाली. "पाच-सात जन बसत."

"आणि पाय पाण्यात घालावासा वाटतो तो त्या किड्यामुळं. ती आग त्याचीच. तुला काय, शहाण्यातल्या शहाण्यालाही ती सोसत नाही."

आजीचे हात थांबले. ती बराच वेळ सुपाकडे पाहत राहिली. मला वाटले, ती रडेल. पण ती हलकेच म्हणाली, "पान्याले काय माहीत बाई, कोनाचा पाय हाय तो." आणि थोड्या वेळाने, "त्याले हे ऐकाले पाह्यजे होतं."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. एक वर्ष आधी मी हाच प्रश्न विचारला असता, तर मामाआजोबा ओट्यावर बसलेले होते, आणि बहीण-भावांना हे एकत्र ऐकता आले असते. आपल्या घरातली म्हातारी माणसे अंगावर केवढा इतिहास वागवत असतात. आणि आपण मात्र परीक्षेत येणार नाही म्हणून तो विचारतच नाही.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती. आजीने पाय शेकायला विस्तव मागितला. मी शेगडी घेऊन गेले, तेव्हा तिने लुगड्याचा काठ वर घेतला आणि तो व्रण उबेकडे धरला.