क्रियापद कोणाचे?

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि तोवर श्रोत्याला खोळंबून ठेवण्याचे जे सामर्थ्य वाक्याला त्यामुळे लाभते त्याची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. परंतु माझे कुतूहल मात्र जन्मभर निराळ्याच गोष्टीभोवती घोटाळत राहिले, आणि ती गोष्ट म्हणजे हे शेवटी येणारे क्रियापद वाक्यात कोणाचे ऐकते. 'मुलगा भाकरी खातो, मुलगी भाकरी खाते' येथे ते कर्त्याच्या आज्ञेत असते. 'मुलाने भाकरी खाल्ली, मुलाने आंबा खाल्ला' असे भूतकाळात गेले की तेच कर्त्याला सोडून कर्माची मर्जी राखू लागते. आणि 'मुलाने कुत्र्याला मारले' म्हणताच दोघांशीही संबंध तोडून नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसते.

तालुक्याच्या शाळेत गुरुजी फळ्यावर रेघा मारून वाक्यपृथक्करणाचा तक्ता आखीत तेव्हा उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार ही नावे ऐकूनच वर्ग पेंगू लागे. मला मात्र त्या रुक्ष रकान्यांत, सत्ता कोणाची आणि ताबेदारी कोणाची, असा एक कारभारच दिसे. 'तू चिठ्ठी लिहिलीस' या वाक्यात स्त्रीलिंग चिठ्ठीचे आणि शेवटचा 'स' तुझा, म्हणजे एका क्रियापदाला दोन धनी. वैयाकरण याला संकर प्रयोग म्हणतात. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागत नाही ही शिष्ट भाषेची सवलत. आजी मात्र 'म्यां दळण दळिलं' असे म्हणे, आणि तृतीयेचे ते जुने रूप तिच्या तोंडी अजून शाबूत होते. पुढे दादोबा पांडुरंगांचे 1836 चे व्याकरण, त्याची कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केलेली चिकित्सा आणि मोरो केशव दामल्यांचा 1911 सालचा जाडजूड ग्रंथ हाती आला, तेव्हा माझ्या या छंदाला मोठ्यांचा आधार मिळाला.

नोकरी लागली ती मामलेदार कचेरीत. तेथे कर्ता नावाचा प्राणी दफ्तरात औषधालाही सापडत नसे. 'सदरहू अर्जाचा विचार करण्यात आला', 'तगाई नामंजूर करण्यात आली', 'अर्जदारास समज देण्यात आली' अशी वाक्ये मी स्वतःच्या हाताने लिहिली. विचार कोणी केला, नामंजुरी कोणाची, हे मसुद्यात कोठेही येत नसे, आणि तसे न येणे हाच त्या मसुद्याचा गुण मानला जाई. काचेचा पेला हातून निसटलेले पोर 'मी फोडला' न म्हणता 'फुटला' म्हणते, त्याच शहाणपणाला येथे मोहोर आणि जावक क्रमांक मिळालेला असे. उलट कचेरीच्या ओसरीवर बसलेला कुळवाडी 'सायबानं अर्ज फेटाळला' असे तीन शब्दांत सांगून मोकळा होई, आणि आमच्या सबंध खलित्यात नसलेला कर्ता त्याच्या वाक्याच्या अग्रभागी येऊन बसे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष. न्यायदृष्ट्या मी कुळवाड्याच्या बाजूचा.

निवृत्तीनंतर लक्ष वेधले ते अपवादांनी. सकर्मक असूनही काही धातू भूतकाळात कर्त्याला सोडीत नाहीत. 'गुरुजींनी गणित शिकवले' येथे क्रियापद गणिताचे, पण 'मी गणित शिकलो' येथे माझे. शिकवणाऱ्याला जे मिळाले नाही ते शिकणाऱ्याला मिळते. 'मी पाणी प्यालो' हेही त्यातलेच. आणि विसरण्याचे पाहा: 'मी छत्री विसरलो' येथे क्रियापद छत्रीकडे ढुंकून पाहत नाही, सारी जबाबदारी माझ्याच शिरावर, मात्र आठवायची वेळ आली की 'मला छत्री आठवली', येथे मी चतुर्थीत जाऊन बसतो आणि क्रियापद छत्रीचे होते. म्हणजे विसरण्याचा कर्ता मी, आणि आठवण मात्र येईल तेव्हा आपल्या पायांनी येणार! या वयात दिवसाकाठी दोन्ही प्रयोग घडत असल्यामुळे मला ही विभागणी फार यथार्थ वाटते.

आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत एक सेवानिवृत्त शास्त्रीबुवा आहेत. त्यांचे म्हणणे असे की हा केवळ अपवादगण आहे, मूळ धातूंच्या इतिहासात त्याचे कारण शोधावे, त्यात मनुष्यस्वभाव पाहणे हा कारकुनी कल्पनाविलास होय. त्यावर मी त्यांना विचारले, की मग काल आपण चष्मा बाकावर विसरलात, की तो विसरण्यात आला? शास्त्रीबुवा हसले, पण त्यांनी आपला मुद्दा सोडलेला नाही.