सत्तर-तीसचा हिशोब

तर झालं असं की, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टपरीवर चहासोबत लागलेली सिगारेट इंग्लंडला ऑनसाइटवर आलो तरी सुटेना. दिवसाला दहा. इथल्या पाकिटाची किंमत रुपयांत मांडली की पोटात गोळा यायचा. वर दर रविवारी फोनवर आईचा ठरलेला प्रश्न, "सुटली का रे?"

शेवटी जानेवारीत एक छोटं व्हेप घेतलं. सिगारेट सोडणाऱ्यांना इथली सरकारी आरोग्यसेवाच हा मार्ग सुचवते. निर्धोक आहे असं तीही म्हणत नाही, आणि ज्यांनी कधी ओढलीच नाही त्यांना स्पष्ट 'नको' म्हणते.

मला वाटलं, आंबा की पुदिना एवढंच ठरवायचं असेल. छे! खरी निवड बेसची. लिक्विडचा बहुतेक भाग दोनच गोष्टींचा असतो. एक पीजी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. दुसरं व्हीजी, म्हणजे वनस्पती तेलापासून काढलेलं ग्लिसरीन. लहानपणी तोंड आलं की आई बोरॅक्स ग्लिसरीन लावायची, आठवतंय? तेच ते गोडसर, चिकट ग्लिसरीन. पीजी पातळ. फ्लेवर नीट पोचवतं, घशाला सिगारेटसारखा चटका देतं, पण तोंड कोरडं पाडतं. व्हीजी घट्ट. घशाला मऊ, आणि धुराचे ढग मोठ्ठे.

मऊ म्हणून मी आपली 80 टक्के व्हीजीची बाटली उचलली. छोट्या कॉइलच्या कापसात तो पाक मुरेचना. चौथ्या झुरक्याला कोरडा कापूस जळला आणि करपलेली फोडणी थेट घशात गेल्यासारखं झालं. मग कळलं, छोट्या यंत्राला 50-50 बरं. 12 मिलिग्रॅम निकोटिनची 10 मिलीची बाटली पाच दिवस पुरायची. सिगारेट खरंच सुटली. मी खूश.

एप्रिलमध्ये मात्र बुद्धी फिरली. कोरड्या तोंडाचा कंटाळा आला म्हणून मोठं यंत्र घेतलं आणि 70 टक्के व्हीजीवर गेलो. इथल्या नियमाप्रमाणे निकोटिनची बाटली 10 मिलीपेक्षा मोठी विकता येत नाही. त्यामुळे 50 मिली बिननिकोटिनचं लिक्विड घ्यायचं आणि त्यात 18 मिलिग्रॅमचा 10 मिलीचा शॉट ओतायचा. 180 भागिले 60, म्हणजे मिलीला फक्त 3. शॉट 50-50 चा, म्हणून 70 चं व्हीजी प्रत्यक्षात 67 टक्क्यांवर येतं, हेही मी एक्सेलमध्ये मांडून ठेवलं. (हसू नका, सवय आहे.)

आईला अभिमानाने सांगितलं, "बारावरून तीनवर आलो. चौपट कमी!" ती म्हणाली, "शहाणा माझा बाळ."

मे महिन्यात सहज एक्सेलमध्ये बाटल्या बदलल्याच्या तारखा बघत होतो. 60 मिलीची बाटली साडेसात दिवसांत संपत होती. म्हणजे रोज 8 मिली. गुणिले 3, चोवीस. आधी रोज 2 मिली गुणिले 12... चोवीस!

आयला! कोडमध्ये असा बग दुसऱ्याने टाकला असता तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती. चार महिने मी टक्केवारी जुळवत बसलो आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो आकडा जागचा हलला नव्हता. तेव्हा बेस निवडताना घसा आणि कॉइल जरूर बघा, पण बाटलीवरच्या आकड्याला रोजच्या मिलीने गुणून बघा.

आता परत छोट्या यंत्रावर, 50-50 आणि 6 मिलिग्रॅम. रोज 2 मिली, त्याहून थेंबभरही जास्त नाही. तोंड कोरडं पडलं की पाणी पितो. दिवाळीचं तिकीट काढलंय. भारतात 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, हे बॅगेत घेऊन मुंबईला उतरायचं नाही. त्यामुळे तोवर शून्य गाठायचंच.

गेल्या रविवारी आईला सगळा गुणाकार सांगून टाकला. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा कमी झालंच नव्हतं?"

"नव्हतं. आता निम्मं झालंय."

"बरं. पुढच्या रविवारी परत विचारते."