पासबुक मुलाचे, सही आपली

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर अशा मुलाचे नाव लागले की त्याच्यासोबत ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे येतात, आणि पुढे आईचे, बापाचे वा चुलत्याचे नाव. ‘अज्ञान पालनकर्ता’ असा त्यांचा अर्थ. चाकण, महाळुंगे, खराबवाडी ह्या परिसरातील जमिनी कारखान्यांखाली गेल्या आणि त्यांचे पैसे झाले, तेव्हा ह्या तीन अक्षरांना किती वजन असते ते तिथल्या कुटुंबांनी अनुभवले.

आपल्या समाजाची कथा निराळी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि श्रीरामपूर, राहाता, नेवासे, संगमनेर ह्या तालुक्यांतली आपली माणसे पोटामागे इकडे आली. त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी सातबारा नव्हता. आपल्या ‘अज्ञान’ मुलांचे धन म्हणून जे काही आहे ते पासबुकात आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी आलेली पाकिटे, धर्मपित्याने टाकलेले पाच हजार, आजीने टपाल कार्यालयात नातीच्या नावे सुरू केलेली ठेव, आणि दुर्दैवाने बाप गेला तर त्याचा भविष्यनिर्वाह निधी. रक्कम लहान असते. पण तीन पाळ्यांत राबणाऱ्या घराला ती लहान वाटत नाही.

ह्या लहान रकमांवरून माणसे माझ्या कार्यालयाची पायरी चढतात. प्रायश्चित्त संस्कारातले काहीही इथे येणार नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नसावी. मी लिहितो ते टेबलासमोर उघडपणे बोलले गेलेले. वेगळी राहणारी पत्नी सांगते, मुलाच्या खात्यावर दोघांपैकी कुणा एकाची सही चालत होती, नवऱ्याने एका सकाळी सगळे काढले. नवरा म्हणतो, त्यातूनच मी शाळेची फी भरली. एक थोरला मुलगा अठरा वर्षांचा होऊन बँकेत गेला. स्नानसंस्काराच्या वेळचे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे सगळे पैसे साठले असतील अशी त्याची समजूत होती. खात्यात चारशे रुपये निघाले. त्याने घरी काही विचारले नाही. मला विचारले, “फादर, हे चोरी म्हणायचं का?”

ह्यांपैकी एक प्रकरण, दोन्ही बाजूंची संमती घेऊन आणि ओळखीच्या खुणा पुसून, थोडे सविस्तर सांगतो.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत चिखलीतले एक जोडपे आठ दिवसांच्या अंतराने गेले. मागे तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. चुलत्याने दोघांना घरी नेले. त्याने वकील गाठून न्यायालयाकडून पालकत्वाचा दाखला मिळवला. भावाचा निधी आणि विमा मिळून जे पैसे आले ते मुलांच्या नावे बँकेत ठेवले. सही अर्थातच त्याची. तीन वर्षे कुणी काही बोलले नाही. मग सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आईकडच्या आजीला नात भेटली. आजीने तिच्या पायातल्या झिजलेल्या चपला पाहिल्या. दिवाळीत आजी चिखलीला आली तेव्हा तिने चुलत्याच्या पत्र्याच्या घरावर नवा स्लॅब पाहिला. दोन गोष्टी तिने मनात एकत्र जोडल्या आणि मामाला घेऊन थेट माझ्याकडे आली. “फादर, लेकरांचा पैसा हाये तो. त्यावर ह्यानं घर बांधलं.”

चुलत्याला बोलावले. दुसरी पाळी संपवून तो रात्री आला. आरोप ऐकताच त्याचा चेहरा उतरला. “तीन वर्षं माझ्या पोरांच्या बरोबरीनं वाढवतोय. आज मी चोर?” त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खोटे नव्हते.

अशा वेळी मला नेहमी लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला तो माणूस आठवतो. गर्दीतून तो प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. प्रभू वाटणी करणारा होण्यास नकार देतो आणि लगेच सर्वांना लोभाविषयी सावध करतो. धर्मगुरूनेही न्यायाधीश होऊ नये. कोण खरे, कोण खोटे, हे ठरवण्याची साधने त्याच्यापाशी नसतात. पण दोन माणसांनी एकच कागद एका वेळी वाचावा, एवढी व्यवस्था तो करू शकतो. मी चुलत्याला विनंती केली की पासबुकात नोंदी भरून आण, आणि मुलांवर झालेल्या खर्चाच्या असतील नसतील तेवढ्या पावत्या आण. मुलगी सोळा वर्षांची झाली होती. तिलाही बसवायचे ठरले. ह्यावर दोन्ही बाजूंची हरकत होती. “पोरीच्या कानावर हे कशाला?” ह्या एकाच मुद्द्यावर त्या दिवशी त्यांचे एकमत झाले.

पासबुक उघडले. मूळ ठेवी जागच्या जागी होत्या. बचत खात्यातून तीन वर्षांत एक लाख चाळीस हजार निघाले होते. ऐंशी हजारांचा मेळ फी, पुस्तके आणि मुलाच्या हाताच्या शस्त्रक्रियेशी लागला. उरलेले साठ हजार स्लॅबला गेले होते. चुलता म्हणाला, त्या छपराखाली हीच मुले झोपतात. आजी म्हणाली, घर कुणाच्या नावावर आहे? दोघांचेही म्हणणे खरे होते. मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, “बारावीनंतर नर्सिंगला पुरतील का?” तीन वर्षांत हा प्रश्न विचारायला तिला जागाच मिळाली नव्हती.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात संत पौल म्हणतो की वारस सर्वस्वाचा धनी असला तरी लहान आहे तोवर त्याच्यात आणि दासात फरक नसतो. तो पालकांच्या आणि कारभाऱ्यांच्या अधीन असतो. पौलाचा विषय वेगळा आहे, पण ही उपमा त्याच्या काळच्या रोजच्या व्यवहारातली असली पाहिजे. मुलगा धनी, आपण कारभारी. आपल्या घरांतून मात्र हा क्रम सहज उलटतो. खाते आपण उघडले, पैसे आपण भरले, सही आपली. तेव्हा पैसे आपलेच, अशी समजूत होते. कुणी हिशेब विचारला की तो अपमान ठरतो.

कायदा ह्याबाबत पुष्कळ स्पष्ट आहे. आपल्याला लागू होणारा पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा. शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो तेवढी पालकाने पाल्याच्या मालमत्तेची घ्यावी, आणि आपल्या पदातून स्वतःचा फायदा करून घेऊ नये, असे तो सांगतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून हिशेब मागवण्याचा अधिकारही न्यायालयाला देतो. काका, मामा, आजी कितीही मायेची असोत, केवळ नात्याने ती कायद्याच्या दृष्टीने मालमत्तेची पालक होत नाहीत. २०२४ साली आजी-आजोबांनी उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यांविषयी सरकारने हेच सांगितले: पालकत्व आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करून घ्या. तेव्हा अनेक आजींना वाईट वाटले. परंतु पैसे नातीचेच राहिले.

आईच्या सहीलाही मान मिळायला वेळ लागला. लेखिका गीता हरिहरन ह्यांनी १९८४ साली अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून स्वतः अर्ज केला, तेव्हा बापाची सही किंवा पालकत्वाचा दाखला मागण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ साली निकाल लागला, की बाप हयात असला तरी तो मुलाचा भार वाहत नसेल तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. तो निकाल हिंदू कायद्यावरचा. १८९० च्या अधिनियमात बापाच्या जोडीला आईचा उल्लेख २०१० च्या दुरुस्तीने आला. आणि रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मूल, बँकेने घातलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू शकते. मूल अठरा वर्षांचे झाले की बँकेने त्याची नवी सही घ्यायची असते. ‘अज्ञान’ म्हटलेल्या मुलावर बँक जेवढा विश्वास टाकते, तेवढा आपण टाकतो का?

करोनाने अनाथ केलेल्या मुलांच्या बाबतीत शासनानेही हा विचार केला. २०२१ साली महाराष्ट्राने अशा मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचे ठरवले. केंद्राच्या योजनेत टपाल कार्यालयातली खाती जिल्हाधिकाऱ्यांना सोबत घेऊन उघडली गेली. मुलाला पूर्ण रक्कम हाती मिळते ती तेविसाव्या वर्षी. ह्यात नातलगांवर अविश्वास आहे असे काहींना वाटले. मला त्यात नातलगांचीही सोय दिसते. ज्याच्या एकट्याच्या हाती किल्ली नाही, त्याच्यावर आळही येत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेत हे नवे नाही. चांगल्या घरधन्याच्या दक्षतेने कारभार करावा, असे धर्मविधान कारभाऱ्यांना बजावते, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा असेही सांगते. आमच्या धर्मग्रामाच्या धनादेशावर दोन सह्या लागतात. वर्षाचा जमाखर्च वेदीपाशी वाचला जातो, तेव्हा मला कुणी चोर म्हटले असे मला वाटत नाही. उलट त्या रात्री झोप बरी लागते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. सगळीच प्रकरणे स्लॅबची नसतात. काही घरांत खरोखरच अफरातफर होते: खोटी सही, मुलाला अंधारात ठेवून मोडलेली ठेव, जुगारात गेलेला निधी. तिथे ‘घराण्याची अब्रू’ म्हणून पांघरूण घालणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. बँकेला लेखी कळवावे, जिल्हा न्यायालयात पालक बदलण्याचा अर्ज करावा, बालकल्याण समितीकडे जावे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. विश्वासघाताचा गुन्हा नात्याने धुतला जात नाही. क्षमेचा प्रश्न पुढचा; आणि ज्याचे गेले त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी क्षमा करून टाकू नये.

चिखलीच्या चुलत्याने दरमहा अडीच हजार प्रमाणे चोवीस महिन्यांत साठ हजार परत भरण्याचे कबूल केले. जादा पाळीचे काम बंद झाले तेव्हा दोन हप्ते चुकले; ते त्याने स्वतःहून आजीला फोन करून सांगितले. आजी अजून त्याच्या घरी जेवत नाही. पण खर्चाची वही आता मुलगी लिहिते, आणि नर्सिंगच्या फीचा आकडा तिने पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, पासबुकात नोंदी भरून आणा. मूल दहा वर्षांचे झाले असेल तर त्याला शेजारी बसवा. किती आले, किती गेले, कशासाठी गेले ते त्याला वाचू द्या. अडचणीत पैसे काढावे लागले असतील तर तसे सांगा आणि कधी भरणार तेही लिहा. मूल आपल्यापेक्षा समंजसपणे ऐकते, असा माझा अनुभव आहे.