दाराजवळची जागा

बस्तीतल्या प्रवचनाला मी तीन वर्षं दाराजवळ बसले. कुणी विचारलं तर "इथं वारा लागतो" म्हणायची. खरं कारण लघवीचं. घाई अशी लागायची की चपला शोधायलाही सवड नसे, आणि दोनदा तर पोचायच्या आधीच साडी भिजली. बेळगावच्या बाजारात कुठल्या दुकानामागं सोय आहे हे मला भाजीच्या भावापेक्षा जास्त पाठ होतं.

श्रवणबेळगोळला श्राविका मंडळाची बस निघाली तेव्हा मी गुडघे पुढं केले. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. बाहुबलीच्या दर्शनाच्या सहाशेवर पायऱ्या मी चढले असते; भीती होती ती बसमधल्या तासांची.

पण सगळ्यात मोठं खोटं पाण्याचं. दिवे लागल्यावर पाणी न घेण्याचा नियम मी सासूबाईंपासून पाळते. त्या वर्षांत मी दिवसाचंही पाणी तोडत गेले. दुपारनंतर घोट नाही. बायका म्हणायच्या, "वैनी किती कडक पाळतात!" मी गप्प ऐकून घ्यायची. लपवत होते दुखणं आणि पदरात पडत होतं कौतुक. लिहितानाही कानशिलं तापतात.

पहिल्या डॉक्टरांनी "वयोमानानं होणारच" म्हणून वाटेला लावलं होतं. शेवटी धाकट्या जावेनं बाईडॉक्टरकडं नेलं. पहाटे चादर कोण धुतंय हे तिला कधीच कळलं होतं. रिक्षात एवढंच म्हणाली, "आक्का, किती दिवस लपवणार?"

बाईंनी आधी लघवी तपासली. जंतू नाहीत, साखर नाही. पाणी तोडल्याबद्दल मात्र रागावल्या. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखीच चिडतं म्हणे. दिवसभर थोडं थोडं पाणी, चहा कमी, ठरलेल्या वेळेलाच जायची सवय, ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम. थोडा फरक पडला. गोळी दिली तर तोंड कोरडं आणि पोट साफ होईना. मग म्हणाल्या, "पायाला करंट देऊन बघू."

मला वाटलं, माझ्याच कानांचा दोष! दुखणं कुठं आणि औषध कुठं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. घोट्याच्या आतल्या बाजूनं एक नस वर जाते. तिची मुळं पाठीच्या कण्यात जिथं पोचतात, तिथूनच मूत्राशयाच्या नसाही निघतात. खालून सौम्य वीज गेली की मूत्राशयाची अवेळी चाललेली "भरलं, भरलं" ही आरडाओरड मंदावते. काही ठिकाणी घोट्याच्या वर बारीक सुई टोचून करतात, आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असं 12 आठवडे. मला चिकटपट्ट्या लावल्या, आठवड्यातून दोनदा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना आणि गरोदर बायकांना हे करत नाहीत. नुसतं खोकताना-शिंकताना गळतं त्या बायकांचं दुखणं वेगळं; त्यांना व्यायामच आधी. आणि एवढ्यानंही भागलं नाही तर कमरेखाली कातडीत छोटं यंत्र बसवतात, ते माकडहाडाच्या वरच्या नसेला वीज देतं. त्याचं नाव काढताच मी उठूनच उभी राहिले.

पहिल्या दिवशी अंगठा आपोआप वाकला तेव्हा हसूच आलं. दुखत नाही, मुंग्या चालल्यासारखं होतं. महिनाभर काही फरक नाही. जावेला म्हटलं, पैसे पाण्यात. तिनं मला वही दिली, कितीदा उठले ते मांडायला. सहाव्या आठवड्यात वहीनंच दाखवलं, रात्रीचे पाच वेळांचे तीन झाले होते. आता दोन. साडी भिजली नाही असं म्हणणार नाही. एकदा भिजली, लग्नात. बाई म्हणाल्या, गुण टिकवायला मधूनमधून पुन्हा घ्यावं लागेल. घेते.

यंदा दशलक्षणात मी तिसऱ्या ओळीत बसले. माझ्या जुन्या जागी, दाराला टेकून, एक काकू होत्या. प्रवचन सुरू व्हायच्या आत दोनदा बाहेर जाऊन आल्या. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"वारा लागतो इथं," त्या आपणहून म्हणाल्या.

"हो की," मी म्हटलं, "मी तीन वर्षं घेतला." आणि हळूच विचारलं, "रात्री कितीदा उठावं लागतं, काकू?"