खांद्यावरची सायकल

27 जुलै 2021, मंगळवार. झुरिक
सकाळी आठलाच टीव्हीसमोर. जपानात इझूला रात्री पाऊस झालेला, वाट निसरडी. पहिल्याच फेरीत फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो घसरली आणि योलांडा नेफ पुढे निघाली ती निघालीच. तिच्यामागून 1 मिनिट 11 सेकंदांनी सीना फ्राय, मग लिंडा इंडरगांड. महिलांच्या माउंटन बाइकची तिन्ही ऑलिंपिक पदकं स्विस!

28 जुलै
पेपरात पानंच्या पानं योलांडा. वय 28, सेंट गॅलन प्रांतातल्या टाल गावची. 2017 मध्ये केर्न्सला जगज्जेती. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेत सराव करताना पडली. प्लीहा फाटली, फुप्फुसालाही इजा. यंदा जूनमध्ये हात मोडला, आणि सहा आठवड्यांत हे सुवर्ण. इतकं सोसलेली बाई ओल्या दगडांच्या उतारावर ब्रेक सोडते कशी?

31 जुलै, शनिवार
उत्तराचा एक धागा हिवाळ्यात असावा. योलांडा हिवाळ्यात सायक्लोक्रॉसही खेळते, म्हणजे चिखल-कुरणातली सायकल शर्यत. माउंटन बाइकला शॉक असतात, टायर जाड. सायक्लोक्रॉसच्या सायकलीला शॉक नाहीत, हँडल रेसिंगच्या सायकलीसारखं वाकडं, टायर जास्तीत जास्त 33 मिलिमीटर. सायकल काहीच झेलत नाही, सगळं अंगावर येतं. चाक घसरणार हे घसरण्याआधी कळावं लागतं.
इथे हे दोन्ही खेळ एकाच घरात नांदतात. टोमास फ्रिशक्नेख्टने 1996 ला अटलांटात, माउंटन बाइकच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक शर्यतीत, रौप्य मिळवलं आणि पुढच्याच वर्षी सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेतही. त्याचे वडील पेटर यांचीही सायक्लोक्रॉसमध्ये जागतिक पदकं आहेत.

10 ऑक्टोबर, रविवार
शेजारच्या गावात मुलांची सायक्लोक्रॉस शर्यत. कुरणात नुसता राडा. वाटेत आडव्या फळ्या: बारा-तेरा वर्षांची एक मुलगी धावत्या सायकलवरून उतरली, सायकल उचलून फळ्या ओलांडल्या, उडी मारून पुन्हा बसली. पुढच्या चढावर तर सायकल खांद्यावर घेऊन पळाली आणि पेडल मारत बसलेल्या दोघींना मागे टाकून गेली. आपल्याकडे सायकल खांद्यावर दिसली की पंक्चर झालीय असं समजून लोक हळहळतात. इथे त्याच्यावर टाळ्या.
योलांडाच्या ब्रेकचं कोडं मला आता थोडंफार उलगडतंय. कुठे उतरायचं हे लहानपणीच अंगात मुरलं, की उरलेल्या वाटेवर ब्रेक आवळून बसावं लागत नसणार. धाडस वगैरे आपण पेपरात वाचतो. कुरणातल्या त्या मुली फक्त उतरण्या-चढण्याचा रियाज करत होत्या.