शेवटचे प्रकरण

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात सांख्यिकी सर्वांत शेवटी येते. तिथवर पोचेस्तोवर आमच्याकडे सोयाबीन कधीच बाजारात गेलेले असते, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते आणि भूम, परंडा, वाशीकडच्या कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला लागलेले असतात. बोर्डाची परीक्षा तोंडावर असते. "सर, सूत्रं तेवढी लिहून द्या," असे मुले म्हणतात. सूत्रे मी देतोच. पण आधी थोडे थांबायला लावतो, कारण धाराशिव जिल्ह्यातल्या लेकरांना गणिताच्या अख्ख्या पुस्तकात याहून कामाचे प्रकरण दुसरे नाही, असे मला मनापासून वाटते.

नववीत ओळख होते ती सामग्रीची. स्वतः घरोघर जाऊन विचारलेली ती प्राथमिक, दुसऱ्याने जमवलेली ती दुय्यम. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची, तेव्हाच्या उस्मानाबादची, लोकसंख्या 16,57,576 भरली. हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि शेवटच्या सहावर बोट ठेवतो. आज दहावीत बसलेली बहुतेक मुले तेव्हा पाळण्यात होती, आणि ती या आकड्यात आहेत. कुणीतरी दारात उभे राहून त्यांच्या आईला विचारले होते, म्हणून आहेत. वर्ग एकदम शांत होतो. दुय्यम सामग्री म्हणजे काय, हे मग व्याख्या पाठ न करता कळते.

पुढे ताळ्याच्या खुणा, वारंवारता, मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख. मध्य काढायच्या तीन पद्धती. बेरीज-भागाकार येणाऱ्याला यात अवघड काही नाही. चुकते ते बहुधा संचयी वारंवारतेच्या रकान्यात. खरे अवघड आहे ते उत्तर आल्यावर त्याचा अर्थ सांगणे.

समजा, एका वस्तीवर सात घरे आहेत. त्यांची जमीन 1, 2, 2, 3, 4, 5 आणि 39 एकर. मध्य येतो 8 एकर. मुले उत्तराखाली दोन रेघा मारतात. मी विचारतो, आठ एकरवाला यात कोण? कुणीच नाही. मध्यक 3, बहुलक 2. तिन्ही उत्तरे बरोबर, आणि तरी 8 हा आकडा ऐकून कुणी त्या वस्तीला सधन म्हणेल. कोणत्या प्रश्नाला कोणती सरासरी लावायची, हे ज्याला समजले त्याला हे प्रकरण आले.

आणि सरासरीवरच आमच्या घरांचा विमा ठरतो. पीकविम्यात महसूल मंडळाचे उंबरठा उत्पन्न काढतात: गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे. मी मानीव आकडे देतो, हेक्टरी 12, 9, 15, 7, 14, 11, 16 क्विंटल. चांगल्या पाचांची बेरीज 68, सरासरी 13.6, जोखीमस्तर 70 टक्के धरला तर उंबरठा 9.52. यंदा मंडळाची सरासरी 10 आली, तर भरपाई नाही. ओढ्याकाठच्या ज्या रानात तीनच क्विंटल पिकले, त्यालाही नाही. मागच्या बाकावरचा मुलगा हे गणित सुटल्यावर वहीकडे बघत बसतो. त्याचे रान ओढ्याकाठचे असते.

मग ती यंदाची सरासरी येते कुठून? 2025 च्या खरिपापासून राज्यात भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आली आहे. चिठ्ठीसारखे यादृच्छिक आकडे काढून गट नंबर ठरतो, रानात जागा ठरते, चार खुंट्या ठोकून दोरी ताणतात. आतले पीक कापून, मळून, तोलतात. यात एक जागा फार नाजूक आहे. दोरीवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर?

या प्रश्नावर साताऱ्याच्या बुध गावी 1911 साली जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मोठे काम केले. तुकडा फार लहान असेल तर त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. कडेची झाडे हात नकळत आत ओढतो आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिले. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांच्याशी सुखात्म्यांचा वाद झाला. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. मराठी मुलुखातल्या एका माणसाने दोरीवरच्या झाडाची इतकी काळजी केली, हे सांगताना मला भरून येते. मंडळाची सरासरी थोडी फुगली तरी उंबरठा ओलांडला जातो, आणि गावच्या गाव कोरडे राहते.

सरासरीभोवती आकडे किती पांगलेत हे मोजणारे प्रमाण विचलन दहावीत नाही, ते अकरावीत येते. माझ्या मते त्याची तोंडओळख तरी दहावीत हवी. आमच्यातली बरीच मुले पुढे गणिताला हात लावत नाहीत, आणि तीन क्विंटलवाल्याचे दुःख त्या पांगण्यातच असते.

म्हणून पालकांना आणि माझ्या सोबत्यांना सांगणे एवढेच. येत्या खरिपात गावशिवारात पीक कापणी प्रयोग लागेल, त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलामुलींना तिथे न्या. दोरी ताणताना त्यांना जवळ उभे राहू द्या, वजन त्यांच्या वहीत उतरू द्या, आणि दोरीवरच्या झाडाबद्दल त्यांनी विचारले तर त्यांना गप्प बसवू नका.